चिटणीसांचा शेरा

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. एकोणीस वर्षं ते कामगार संघटनेचे चिटणीस होते, आणि तेवढ्या काळात हुद्द्याचंच नाव होऊन बसलं. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना 'आमचे चिटणीस' म्हणायची, आणि म्हणताना किंचित हसायची.

सकाळी सहाला वॉर्डांमधून गाठोडी यायची. चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे, ऑपरेशनच्या खोलीतलं हिरवं कापड. रक्ताचं वेगळं, औषधांच्या डागांचं वेगळं, फाटलेलं वेगळं. चिटणीस दाराशी टेबल टाकून बसत आणि कुठल्या वॉर्डातून काय आलं ते लिहून घेत. दुपारच्या सुट्टीत मात्र ते मागच्या खोलीत जात. ती खोली बॉयलरच्या भिंतीला चिकटून होती, त्यामुळे बारा महिने गरम. एक टेबल, दोन खुर्च्या, छतापर्यंत फायली आणि वाळवणीच्या अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. हे संघटनेचं कार्यालय.

चिटणीसांच्या नजरेला एक गुण होता. इस्त्रीच्या रुळावर काम करणाऱ्या बायका चादर उजेडाकडे धरून एका नजरेत भोक कुठे आहे ते सांगत, तसं चिटणीसांना नियमांतलं भोक दिसायचं. साहेबांचं एखादं परिपत्रक आलं की ते चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेत, ओठ हलवत वाचत, आणि कुठेतरी बोट टेकवून म्हणत, "इथून निसटणार हे लोक." मग अर्ज. अर्जाला उत्तर आलं नाही की स्मरणपत्र. स्मरणपत्रालाही नाही आलं की दुसरं स्मरणपत्र. या चिवटपणावर त्यांनी कितीतरी जणांची बुडालेली रजा परत मिळवली होती, तीन विधवांना नवऱ्यांच्या जागी लावून दिलं होतं.

पण बोलायला उभे राहिले की संपलं. "कलम चार, पोटकलम दोन," असं म्हणून ते सुरुवात करत आणि लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागत. वार्षिक सभेत त्यांचा अहवाल सुरू झाला की मागची रांग उठून चहाला जायची, आणि ती परतायची तेव्हाही अहवाल चालूच असायचा. चिटणीसांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते मान खाली घालून वाचत राहत.

लंबू आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. कॉलेज अर्धवट सोडलेलं, पाठीशी कुणी नाही. गाठोड्यांच्या गाड्या ढकलायच्या कामावर लागला. उंच इतका, की पहिल्याच दिवशी वाफेच्या नळावर डोकं आपटून घेतलं आणि दुपारपर्यंत त्याचा लंबू झाला. जेवायच्या सुट्टीत इतर लोक अंगणात पत्ते कुटत, हा मात्र मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा.

"काका, इथे वाचायला काही आहे का?"

"फायली आहेत," चिटणीस म्हणाले.

"चालतील."

आणि तो खरंच वाचू लागला. चिटणीसांना एवढा आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्यांनी त्याला नियम कसा वाचायचा ते शिकवलं. आधी शेवटचं पान वाचायचं, मग तारखा बघायच्या, मग 'परंतु' हा शब्द कुठे आलाय ते शोधायचं. घरी ते लंबूबद्दल बोलत राहिले, तेव्हा बायकोने डब्यात जास्तीचं द्यायला सुरुवात केली. "पोरगं वाळून चाललंय," ती म्हणायची. ती त्याच रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात आया होती, कंत्राटावर. दर वर्षी कंत्राट नवं व्हायचं आणि दर वर्षी तिला वाटायचं, यंदा कायम करतील.

पुढच्या हिवाळ्यात रुळावरच्या एका बाईचा हात भाजला. चादरी इस्त्री करणारा तो वाफेचा रूळ, त्याला लोखंडी आडोसा हवा असा नियम होता, आणि आडोसा गंजून पडून दीड वर्ष झालं होतं. साहेबांनी बाईलाच निष्काळजीपणाबद्दल पत्र दिलं. चिटणीसांनी तीन पानी अर्ज लिहिला आणि अंगणात सभा बोलावली. वाळत घातलेल्या चादरींच्या मधून ते अर्ज वाचू लागले. दुसऱ्या पानावर लोकांची चुळबुळ सुरू झाली. तेव्हा लंबू एका उलट्या गाडीवर चढला.

"एकच सांगतो," तो म्हणाला. "मशीन बिघडलं तर तासाभरात माणूस येतो. माणूस बिघडलं तर कोण येतं?"

आधी कुणीतरी हसलं. मग ती भाजलेल्या हाताची बाई खाली जमिनीवर बसली, आणि एकेक करून सगळे तिच्याभोवती बसले. तीन दिवस रुग्णालयात एकही चादर धुतली गेली नाही. चौथ्या दिवशी नवा आडोसा आला आणि बाईचं पत्र परत घेतलं गेलं.

आता, मशीन बंद पडलं तर तासाभरात दुरुस्ती करणाऱ्याला बोलवायचं, हा नियम फायलीतून शोधून लंबूला दाखवला होता चिटणीसांनी. माणसासाठी असा नियम नाही, हेही त्यांनीच दाखवलं होतं. माहिती त्यांची होती, फक्त वाक्य त्याचं होतं. पण आडोसा बसवला त्या दिवशी लोकांनी खांद्यावर घेतलं लंबूला, आणि गर्दीतून वाट काढताना कुणीतरी चिटणीसांना म्हणालं, "जरा बाजूला सरका ना, बघू द्या."

ते बाजूला सरकले. संध्याकाळी बायकोने विचारलं, "पोट दुखतंय का तुमचं?"

"नाही," ते म्हणाले. तिने मस्करीत विचारलं नव्हतं. त्यांचा चेहराच तसा झाला होता.

तिथून लंबू जो निघाला तो थांबलाच नाही. शहरातली दुसरी रुग्णालयं, मग बसचा डेपो, मग गोदी, मग कारखाने. ते माणूस बिघडल्याचं वाक्य भिंतीभिंतींवर दिसायला लागलं. जुन्या सरकारला लोक कंटाळलेच होते. लंबूला चाळीस दिवस तुरुंगात टाकलं, ही सरकारची मोठी चूक. सुटून आला तेव्हा त्याला पाहायला अख्खं शहर रस्त्यावर. त्या आठवड्यात सगळं बंद पडलं, बस, गोदी, दिवे. सरकार कोसळलं. नव्या निवडणुकीत तरुणांचा पक्ष आला, आणि सव्विसाव्या वर्षी लंबू कामगारमंत्री झाला. दाढी वाढलेला, बाह्या दुमडलेल्या शर्टातला, माणसांच्या गर्दीत एक वीत वर दिसणारा.

शपथ घेतली त्या दिवशी बायको चौकात गेली होती. परतली ती घसा बसवून.

"एवढं ओरडायचं कशाला?" चिटणीस म्हणाले. "माझ्या सभेत तर कधी नाही बसला तुझा घसा."

"तुमच्या सभेत झोप यायची," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि हसली. तिच्या मनात काही नव्हतं. चिटणीसांनी मात्र ते वाक्य घरातल्या कपाटात ठेवावं तसं नीट ठेवून दिलं.

माणूस जळतो म्हणजे काय, हे चिटणीसांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. ते सकाळी वर्तमानपत्र घ्यायचे ते लंबूचा फोटो किती मोठा आलाय ते बघायला. मग त्याच्या भाषणातल्या चुका काढत बसायचे. इथे कलमाचा आकडा चुकला, इथे वर्ष चुकलं. एकदा दुपारी बॉयलरच्या खोलीत कुणी नाही असं बघून त्यांनी बाह्या दुमडल्या, एक हात वर केला आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "मित्रांनो, आता बस झालं." मागे बॉयलरवाला दारात उभा होता. त्याला वाटलं आपल्यालाच काही सांगतायत. "बंद करू का, चिटणीस?" त्याने विचारलं. कान लाल होऊन ते बाहेर आले.

सगळ्यात जास्त खुपलं ते आणखी वेगळंच. लंबू त्यांना विसरला असता तर रागवायला तरी बरं झालं असतं. पण तो विसरला नव्हता. एका मोठ्या सभेत, रेडिओवरून ऐकू येत होतं, तो म्हणाला, "आमच्या धुलाईखान्यात एक काका आहेत. ते अर्ज लिहायचे. अर्जावर अर्ज, अर्जावर अर्ज. साहेब कंटाळून हो म्हणायचा." लाखभर माणसं हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, माया होती, आणि म्हणूनच ते चिटणीसांना सहन झालं नाही. एकोणीस वर्षांच्या कामाचं काय झालं, तर दुसऱ्याच्या भाषणातला एक विनोद.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका दुपारी चारच्या सुमाराला मंत्रालयाचा माणूस मोटारसायकलवरून आला. घामाघूम, हातात जाड पाकीट. आत पाच पानी मसुदा आणि वर लंबूच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी.

'काका, उद्या सकाळी छपाईला जातोय. इथल्या जुन्या अधिकाऱ्यांवर माझा भरवसा नाही, ते मला पाडायला टपलेत. कंत्राटी माणसं कायम करायचा हुकूम आहे. तुम्ही एकदा नजर घाला. भोक असेल तर तुम्हालाच दिसेल. माणूस थांबलाय, त्याच्याबरोबरच परत पाठवा.'

चिटणीसांनी चष्मा कपाळावर सरकवला. आधी शेवटचं पान वाचलं, मग तारखा बघितल्या. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

हुकूम लागू होईल त्या दिवशी ज्याची सलग वर्षभराची नोकरी भरली असेल, तो कायम. आणि हुकूम लागू होणार तो प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांनी. मधल्या तीस दिवसांत कुणाला कामावरून काढता येणार नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मालकाने त्या महिन्यात माणूस काढला, की वर्ष मोडलं. कायम करायला माणूसच उरत नाही. एक ओळ राहिली होती. ती लिहायला त्यांना दोन मिनिटं लागली असती.

त्यांनी पेनचं टोपण काढलंही. तेवढ्यात खिडकीबाहेर नजर गेली. अंगणाच्या भिंतीवर बायकांनी लंबूचं मोठं चित्र चिकटवलं होतं, उन्हाने त्याचे कोपरे सुटले होते आणि रुळावरची ती बाई खुर्चीवर चढून ते कोपरे पुन्हा दाबून बसवत होती. हळुवारपणे, तळहाताने. त्याच सकाळी डबा भरताना बायको म्हणाली होती, "त्याच्याकडे बघितलं की वाटतं, अहो, इतकी वर्षं आपण सगळे करत काय होतो?"

मंत्रालयाचा माणूस दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

"झालं का? मला परत पोचायचंय."

चिटणीसांनी मसुद्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'वाचला. ठीक आहे.' खाली सही केली, तारीख घातली. मोटारसायकल फाटकातून बाहेर पडून वळणापलीकडे जाईपर्यंत तिचा आवाज येत होता. तोवर हाक मारता आली असती. ते बसून राहिले.

नंतर ते मनाशी म्हणाले, त्याच्याकडे वकील आहेत. त्याच्याकडे एवढं मोठं खातं आहे. दिसेल कुणाला तरी. आणि आपली बायको? तिला तर रुग्णालय काढणारच नाही, अकरा वर्षांची जुनी बाई. असं म्हणायचे, आणि मग त्यांच्या स्वतःच्याच लक्षात यायचं की आपण हे सगळं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणतोय.

हुकूम प्रसिद्ध झाला. शहर नाचलं. धुलाईखान्यात बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. घरी बायकोने कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

अकराव्या दिवशी चिटणीसांना राहवलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते मंत्रालयात गेले. अजून वेळ होता, दुरुस्तीचं पत्रक काढता आलं असतं. खालच्या खिडकीवर चिठ्ठी दिली, बाकावर बसले. आसपासच्या बाकांवर आणखी तीस-चाळीस माणसं. दोन तासांनी वरून गलका झाला. लंबू जिना उतरत होता, भोवती पत्रकार, कार्यकर्ते, पोलीस. त्याने चिटणीसांना पाहिलं आणि गर्दी तोडून सरळ त्यांच्याकडे आला. वाकून मिठी मारली.

"काका. तुमचा शेरा बघितला आणि मी निर्धास्त झालो. खरं सांगतो."

मग भोवतालच्या लोकांकडे वळून म्हणाला, "हे ते अर्जवाले काका."

सगळे हसले. एक पत्रकार मुलगी तर टाळ्या वाजवायला लागली. चिटणीसांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"काही काम होतं का, काका? सांगा ना."

सांगायला जिभेवर आलं होतं. पण त्या हसणाऱ्या लोकांसमोर ते म्हणाले, "नाही, तुम्हाला भेटायला आलो सहज."

लंबू एक क्षण थबकला. "तुम्ही? मला कधीपासून तुम्ही म्हणायला लागलात?" तेवढ्यात कुणीतरी त्याचा दंड धरला, गाडीचं दार उघडलं, आणि तो गेला.

चोविसाव्या दिवसापासून पत्रं निघाली. पहिल्यांदा गोदीत, मग कारखान्यांत. रुग्णालयात सव्विसाव्या दिवशी. चिटणीसांची त्या दिवशी सुट्टी होती; बायको दुपारी बारालाच घरी आली. हातात पिशवी, पिशवीत वॉर्डातल्या चपला, पाणी प्यायचा पेला आणि एका बऱ्या झालेल्या मुलाने काढून दिलेलं हत्तीचं चित्र. तिने पत्र चिटणीसांपुढे ठेवलं.

"हे कायद्यात बसतं?"

त्यांनी वाचल्यासारखं केलं. "बसतं."

"पण मग त्याने असं कसं लिहिलं? एवढं साधं त्याला कळलं नाही?"

चिटणीसांनी पत्राची घडी घातली. तिने चपला पलंगाखाली सरकवल्या, चित्र हातात धरून थोडा वेळ उभी राहिली, आणि मग ते कुठे लावायचं ते न सुचून पुन्हा पिशवीत ठेवलं.

एका आठवड्यात शहरातली आठ हजार माणसं घरी बसली. लंबूने धावपळ करून दुरुस्तीचा कागद तयार केला, पण तो मंत्रिमंडळात अडकला. त्याच्या पक्षातलेच काही जण इतके दिवस याच घडीची वाट बघत होते. कुणी म्हणालं, आधी समिती नेमू. कुणी आजारी पडलं. तिसावा दिवस उलटून गेला. मग ज्या चौकात त्याचा जयजयकार झाला होता त्याच चौकात त्याच्या गाडीवर दगड पडले. भिंतींवरचं त्याचं वाक्य कुणीतरी बदललं, 'माणूस' खोडून 'मंत्री' केलं. चाळिसाव्या दिवशी त्याने राजीनामा दिला. पंधरवड्यात पक्षाने काढून टाकलं. सत्तावीस पूर्ण व्हायला दीड महिना बाकी होता.

चौकशी झाली ती सगळ्यांनी बघितली. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये टीव्ही लावला होता. चिटणीस चहाचा पेला धरून खांबाशी उभे होते. पडद्यावर लंबू दाढी केलेला, त्यामुळे एकदम पोरगेला दिसत होता. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "हा मसुदा छपाईपूर्वी तुम्ही कुणाला दाखवला होता का?"

चिटणीसांनी चहाचा पेला जवळच्या टेबलावर ठेवला.

"नाही," लंबू म्हणाला. "मीच लिहिला. मीच वाचला. चूक माझी."

पहिल्यांदा वाटलं सुटलो. ते खुर्चीवर बसले. आणि दुसऱ्याच श्वासाला, आठवण्याचीही लाज वाटावी अशी गोष्ट झाली. त्यांना त्याचा हेवा वाटला. धुळीला मिळालेला, शिव्या खाणारा तो पोरगा, आणि तरी उभा कसा राहिला होता सरळ. हेही त्यालाच जमलं, त्यांच्या मनात आलं. आपल्याला हेसुद्धा जमलं नसतं.

त्या रविवारी सकाळी ते त्याच्याकडे गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, मंत्री व्हायच्या आधीची. लंबू मोरीत बसून बादलीत शर्ट धूत होता.

"या काका. खुर्ची एकच आहे, ती तुम्ही घ्या."

चिटणीस उभेच राहिले. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय? सही माझी होती. तुमच्या नजरेतून एक गोष्ट सुटली, म्हणून तुम्हाला लोकांपुढे ओढू?"

"सुटली नव्हती."

लंबू शर्ट पिळत होता. हात थांबले.

"तिसऱ्या पानावर," चिटणीस म्हणाले. "तुझा माणूस दारात उभा होता तेव्हाच दिसलं."

"मग?"

"लिहिलं नाही."

मोरीतलं पाणी जाळीतून खळखळत गेलं. लंबूने बादली बाजूला सारली. मग म्हणाला, "का?"

वाटेत चिटणीसांनी पुष्कळ उत्तरं जुळवली होती. ती त्यांनी सोडून दिली. "एकोणीस वर्षं मी बोलतोय," ते शेवटी म्हणाले. "लोक उठून चहाला जायचे. तू गाडीवर चढलास, दोन वाक्यं बोललास. मला ते बघवलं नाही रे."

"काकूंची नोकरी जाईल हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

लंबू उठला. त्या बुटक्या खोलीत त्याचं डोकं जवळजवळ तुळईला लागत होतं. शर्टातून पाणी ठिबकत होतं, तो खाली बघत राहिला. चिटणीसांना वाटलं, आता मारेल. मारलं तर बरं होईल.

"तुम्ही जा, काका," तो म्हणाला. "जाताना दार ओढून घ्या."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. निवडलेली भाजी धुतली, चिरली, शिजवली, त्यांना वाढली. स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीकडे निघून गेली. बारा दिवसांनी परत आली ती पायातल्या चपलांसकट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मला सांगितलंत ते सभेत सांगा. नाहीतर मी सांगते."

"माझं तोंड काळं होईल."

"झालंय ते. फक्त लोकांना दिसत नाही एवढंच."

सभा अंगणात झाली. कामावरून काढलेलेही आले होते. चिटणीसांच्या हातात कागद नव्हता, कलम नव्हतं. ते उभे राहिले आणि सांगत गेले. मसुदा कधी आला, काय दिसलं, काय लिहिलं, मंत्रालयात जाऊन काय न बोलता परत आले. "तो म्हणाला कुणाला दाखवला नाही, ते खोटं आहे. मला दाखवला होता. त्याच्या जागी मी पडायला हवं होतं." मागची रांग चहाला गेली नाही. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळे त्यांचं शेवटपर्यंत ऐकत होते, आणि हे बोलता बोलताच चिटणीसांच्या लक्षात आलं.

त्यांना पदावरून काढायचं का, असा प्रश्न टाकला तेव्हा सगळे हात वर गेले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचाही हात वर होता. इतरांच्यापेक्षा जरा उशिरा गेला, पण गेला.

रुळावरची ती बाई नवी चिटणीस झाली. तरी जुन्या चिटणीसांना लोक चिटणीसच म्हणत राहिले, कारण दुसरं नाव कुणाला आठवत नव्हतं. काही जण नुसते थुंकून पुढे जात. त्यांनी ते सहन केलं. महिन्याभराने ती बाई मागच्या खोलीतून हातात फाईल घेऊन त्यांच्या टेबलाशी आली आणि जरा रागातच म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. बसा आणि दाखवा."

ते मागच्या खोलीत आले, पण चिटणीसाच्या खुर्चीवर बसले नाहीत, स्टूल ओढून घेतलं. त्या तीस दिवसांत माणसं काढली ती कायम करणं टाळायलाच काढली, एवढं सिद्ध केलं तर काढणं रद्द होतं, असा एक जुना निवाडा त्यांना ठाऊक होता. पण तो प्रत्येक माणसामागे वेगळा सिद्ध करायचा होता. किती वर्षं काम केलं, कोणत्या तारखेला काढलं, त्या जागी दुसरं कोण लावलं. अर्ज, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. गोदीतली माणसं यायला लागली, कारखान्यांतली यायला लागली. दोन-दोन, पाच-पाच करत लोक परत कामावर गेले. सगळे नाही. काहींनी गाव सोडलं होतं, काहींनी उमेद. बायको दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परत लागली, त्याच मुलांच्या वॉर्डात, आणि या वेळी कायम.

लंबूही शहर सोडून गेला होता. दूरच्या एका बंदरात माल उतरवून घेणाऱ्या कचेरीत कारकून आहे, असं कुणीतरी सांगितलं. चिटणीसांनी त्याला चार पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्यांनी पाचवंही लिहिलं.

परत लागलेल्यांचा शेवटचा गट कामावर रुजू झाला त्या दिवशी अंगणात छोटीशी सभा झाली. एक गोदीवाला उठून म्हणाला, "काही असो, कायम करायचं हे डोक्यात पहिल्यांदा लंबूच्या आलं. त्याच्यासाठी टाळ्या." आणि टाळ्या अशा पडल्या की वाळवणीवरची कबुतरं उडाली. अर्जांबद्दल कुणी काही बोललं नाही. चिटणीस मागच्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

परत जाताना ते बायकोबरोबर चालत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अगं, अजून जळतो मी त्याच्यावर."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "चला, पाय उचला जरा. मला उद्या सकाळची पाळी आहे."